कौनासचा व्हिसा: एका कॉन्सुलने लिहिला, पुढच्या कॉन्सुलने वाचला

परदेशात पोस्टिंगवर असलेला अधिकारी म्हटला की लोकांच्या डोळ्यासमोर झेंडा लावलेली गाडी, मेजवान्या आणि हस्तांदोलनाचे फोटो येतात. कॉन्सुलेटमधलं रोजचं काम मात्र कागदाचं असतं. कोणाचा पासपोर्ट हरवलाय, कोणाला जन्माची नोंद करून हवीय, कोणाच्या सहीला साक्ष द्यायचीय, कोणी तुरुंगात अडकलाय त्याला भेटून यायचंय, आणि या सगळ्याच्या मधे व्हिसा. 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या पाचव्या कलमात कॉन्सुलची कामं मोजून दिलीत, त्यात व्हिसा देणं हे इतर अनेक कामांसारखंच एक काम आहे. 1940 मध्ये तर तो करारही नव्हता, बरंचसं प्रथेवर आणि आपापल्या मंत्रालयाच्या नियमांवर चालायचं.

चिउने सुगिहारांचं प्रकरण बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. हजारो लोकांना वाचवणारा जपानी अधिकारी, वरून नकार आला तरी व्हिसा देत राहिलेला. हे खरंच आहे. पण मी जेव्हा जेव्हा हे प्रकरण वाचते तेव्हा मला वाटतं की यात धैर्याबद्दल खूप बोललं जातं आणि कामाबद्दल फार कमी. त्या माणसाला कागद कसा चालतो हे पक्कं माहीत होतं. कुठल्या अटीला कुठला पुरावा लागतो, तो पुरावा किती कच्चा असला तरी निभावतो, आणि आपण इथे मारलेला शिक्का दहा हजार किलोमीटरवर दुसऱ्या कोणाच्या टेबलावर कसा वाचला जाईल, हे सगळं. म्हणून इथे ते प्रकरण कॉन्सुलच्या टेबलावरून मांडतेय.

आधी माणूस. जन्म 1900 चा. विद्यार्थीदशेतच परराष्ट्र मंत्रालयाची परीक्षा पास होऊन हार्बिनला गेले आणि तिथे रशियन इतकं शिकले की पुढे मांचुकुओच्या, म्हणजे मांचुरियात जपानने उभ्या केलेल्या बाहुल्या राज्याच्या, परराष्ट्र खात्यात असताना उत्तर मांचुरियातली रेल्वे सोव्हिएत युनियनकडून विकत घ्यायच्या वाटाघाटीत त्यांचा मोठा हात होता, तो व्यवहार 1935 मध्ये झाला. नंतर हेलसिंकी, आणि 1939 मध्ये लिथुआनियातलं कौनास, व्हाइस कॉन्सुल म्हणून. तिथलं कॉन्सुलेट जपानने नव्यानेच उघडलेलं. आता गंमत बघा, त्या शहरात जपानी नागरिक जवळपास नव्हतेच. मग कॉन्सुलेट कशासाठी? तर जर्मन आणि सोव्हिएत सैन्याच्या हालचालींवर नजर ठेवायला. सुगिहारांनी स्वतःच नंतर लिहिलंय की जर्मनी रशियावर हल्ला करणार का, हे आधी कळावं म्हणून त्यांना तिथे पाठवलं होतं. म्हणजे व्हिसाचं काम हे त्या ऑफिसचं साइडचं काम होतं.

ऑफिस आणि घर एकाच इमारतीत. खाली कामकाज आणि वर संसार, पत्नी युकिको, मेहुणी आणि लहान मुलं, धाकटा तर 1940 मध्ये तिथेच जन्मला. छोट्या पोस्टिंगवर हे नेहमीचंच असतं, ऑफिस बंद होतं म्हणजे फक्त एक दार बंद होतं, आणि जिना चढलं की घर. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जी गर्दी जमली ती ऑफिससमोर जमली तशीच यांच्या घरासमोरही जमली.

आता परिस्थिती. सप्टेंबर 1939 मध्ये पोलंडचे दोन तुकडे झाले, एक जर्मनीकडे आणि एक सोव्हिएतांकडे. हजारो पोलिश ज्यू पळून लिथुआनियात आले, त्यात मीर येशिव्हासारख्या ज्यू धर्मशिक्षणाच्या अख्ख्या पाठशाळा होत्या, शिक्षक, विद्यार्थी सगळे. जून 1940 मध्ये सोव्हिएत सैन्य लिथुआनियात घुसलं, 3 ऑगस्टला देश अधिकृतपणे सोव्हिएत युनियनमध्ये सामील करून टाकला, आणि कौनासमधल्या परदेशी वकिलातींना गाशा गुंडाळायला सांगितलं. पश्चिमेकडे जर्मनी, समुद्रमार्ग बंद, उरला तो एकच रस्ता, पूर्वेचा. मॉस्कोवरून सायबेरियन रेल्वेने व्लादिवोस्तोक, तिथून बोटीने जपान, आणि जपानहून पुढे कुठेतरी. सोव्हिएत अधिकारी जाऊ द्यायला तयार होत होते, पण पुढच्या देशाचा कागद दाखवा म्हणून. आणि जपानचा कागद म्हणजे ट्रान्झिट व्हिसा, फक्त तिथून पुढे जाण्यापुरता.

ट्रान्झिट व्हिसाला जपानच्या नियमात दोन गोष्टी लागायच्या. एक, जपानच्या पुढे जिथे जाणार त्या देशात प्रवेशाची सोय झालेली असली पाहिजे. दोन, प्रवासाचा आणि जपानमध्ये राहण्याचा खर्च झेपेल इतके पैसे हवेत. ज्यूंना व्हिसा देऊ नका असा नियम नव्हता हे इथे नीट समजून घ्यायला हवं, डिसेंबर 1938 मध्ये पाच मंत्र्यांच्या बैठकीत ठरलेलं धोरण असं होतं की ज्यूंना इतर परदेशी लोकांसारखंच वागवायचं. म्हणजे अडचण माणसाच्या जातीधर्मात नव्हती, अडचण या दोन अटींत होती. पण घरदार सोडून आलेल्या, मुदत संपलेला पोलिश पासपोर्ट किंवा लिथुआनियन सरकारने दिलेला ओळखीचा एक कागद एवढंच खिशात असलेल्या माणसाकडे शेवटच्या देशाचा व्हिसा येणार कुठून? अमेरिका जवळपास देत नव्हती, पॅलेस्टाइनचे दाखले मोजके. अटी शांततेच्या काळात अगदी वाजवी वाटतात, लढाईत त्याच अटींची भिंत होते.

या भिंतीला पहिलं भगदाड पाडलं ते एका डच माणसाने, आणि सुगिहारांइतकंच त्याचं नाव घेतलं पाहिजे. यान झ्वार्टेंडाइक. हा पेशाने डिप्लोमॅट नव्हताच, फिलिप्स कंपनीचा लिथुआनियातला प्रमुख होता. आधीच्या मानद कॉन्सुलवर जर्मनधार्जिणा असल्याचा संशय होता म्हणून त्याला काढून जून 1940 मध्ये याच्याकडे तात्पुरता कारभार दिला. स्वतःचा देश मे महिन्यातच जर्मनांनी घेतलेला. रीगामध्ये बसलेले डच राजदूत दे डेकर त्याचे वरिष्ठ.

डच वसाहतींबद्दलचा नियम असा होता की कॅरिबियनमधलं कुरासाव बेट किंवा दक्षिण अमेरिकेतलं सुरिनाम इथे जायला व्हिसा लागत नाही, मात्र उतरायची परवानगी तिथल्या गव्हर्नरकडून घ्यावी लागते. गव्हर्नर ती सहसा देत नसे. काही निर्वासितांनी दे डेकरना विनंती केली की या नियमाचा फक्त पहिला अर्धा भाग आमच्या पासपोर्टवर लिहून द्या. त्यांनी दिला. मग तेच वाक्य झ्वार्टेंडाइकने कौनासमध्ये लिहायला सुरुवात केली, फ्रेंचमध्ये, की कौनास इथलं नेदरलँड्सचं कॉन्सुलेट याद्वारे जाहीर करतं की सुरिनाम, कुरासाव आणि अमेरिकेतल्या इतर डच प्रदेशांत परदेशी व्यक्तीला प्रवेशासाठी व्हिसाची आवश्यकता नाही. बस. गव्हर्नरचा उल्लेखच नाही.

त्या वाक्यात एकही शब्द खोटा नाहीये. आणि तो व्हिसाही नाहीये. एखाद्या देशाचा व्हिसा लागत नाही असं सांगणारा दाखला आहे तो. पण खाली सही, वर तारीख, शेजारी कॉन्सुलेटचा शिक्का, आणि वाक्यात एका ठिकाणाचं नाव. जपानच्या अटीत जे रिकामं होतं, शेवटचा देश कुठला, तिथे लिहायला आता एक उत्तर तयार झालं. 24 जुलैपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत त्याने असे दोन हजारांहून जास्त दाखले दिले, म्हणजे दहा-अकरा दिवसांत, आणि मग ऑफिस बंद झालं.

या दाखल्यांचा काहीही उपयोग नव्हता, जर पुढचा कॉन्सुल तो बघून म्हणाला असता की हे कसलं आलंय. पुढचा कॉन्सुल म्हणजे सुगिहारा.

जुलैच्या उत्तरार्धात एका सकाळी त्यांच्या कुंपणाबाहेर माणसंच माणसं. युकिकोंनी नंतर सांगितलंय की खिडकीच्या पडद्याआडून बघितलं तर बायका, म्हातारी माणसं, बापाचा हात धरलेली पोरं, सगळे आत बघतायत. सुगिहारांनी त्यांच्यातल्या काही प्रतिनिधींना आत बोलावलं, त्यात झोराख वारहाफ्टिग होते, जे पुढे इस्रायलचे मंत्री झाले. त्यांनी सगळा मार्ग समजावून सांगितला, कुरासावच्या दाखल्यासकट. एका अनुभवी अधिकाऱ्याला त्या दाखल्यातली कच्ची बाजू दिसली नसेल हे शक्यच नाही. ती दिसूनही त्यांनी तो पुरावा म्हणून मान्य केला.

वरती विचारलं का? सुगिहारांच्या आणि कुटुंबाच्या सांगण्यानुसार तारा पाठवून परवानगी मागितली आणि नकार आला, एकदा नाही, तीनदा. आता प्रश्न असा की नकार कशाला होता. अटी पूर्ण नसलेल्यांना देऊ नका याला. मग त्यांनी 29 जुलैच्या सुमारास सरसकट द्यायला सुरुवात केली, कधी कधी दिवसाला शंभराच्या वर.

इथे जरा हळू जाऊया, कारण हे काम हाताने कसं होतं ते बघण्यासारखं आहे. तो व्हिसा म्हणजे आजच्यासारखा छापील स्टिकर नव्हता. पासपोर्टच्या कोऱ्या पानावर टाकाने उभ्या ओळींत जपानी लिपीत लिहायचं, ट्रान्झिट व्हिसा, त्सुरुगा बंदरात उतरणार, शोवा 15 वं वर्ष म्हणजे 1940, महिना, दिवस, हुद्दा, पूर्ण नाव, आणि त्यावर लाल मोहर. माणसाचं नाव विचारा, ते पोलिश स्पेलिंगमधून नोंदवहीत उतरवा, अनुक्रमांक टाका, दोन लितास (लिथुआनियाचं चलन) फी घ्या, पुढचा. नोंदवहीत नाव, राष्ट्रीयत्व, तारीख, फी हे सगळं. एकाला कितीही घाई केली तरी काही मिनिटं लागणारच. दिवसभर असं लिहिलं की बोटं आखडतात, रात्री युकिको त्यांचे हात चोळून द्यायच्या. पुढे मजकुराचा काही भाग रबरी शिक्क्यावर घेतला तेव्हा वेग वाढला, शिक्का करून घ्या ही सूचना त्यांच्या संपर्कातल्या पोलिश गुप्तचर अधिकाऱ्यांची होती असं म्हणतात. मीर येशिव्हाचा एक विद्यार्थी आपल्या सुमारे तीनशे लोकांसाठी व्हिसा मागायला आला, आणि एवढे शिक्के मारणार कोण म्हटल्यावर मीच मदतीला बसतो म्हणाला, आणि कॉन्सुलेटच्या जर्मन वंशाच्या सेक्रेटरीशेजारी बसून त्याने दिवसेंदिवस शिक्के मारले. मला हे दृश्य फार महत्त्वाचं वाटतं. व्हिसा मागायला आलेला माणूस काउंटरच्या आतल्या बाजूला बसून दुसऱ्यांचे व्हिसा करतोय.

आणि मग 16 ऑगस्टची तार. परराष्ट्र मंत्री मात्सुओका योसुके यांच्या नावाने. मथितार्थ असा की तुम्ही व्हिसा दिलेल्या लोकांमध्ये पुरेसे पैसे नसलेले आणि शेवटच्या देशाच्या प्रवेशाची प्रक्रिया पूर्ण न झालेले लोक सापडतायत, त्यांना उतरू देता येत नाही आणि त्यांचं काय करायचं ते आम्हाला कळत नाही, तेव्हा प्रक्रिया पूर्ण झाल्याची आणि पैसे असल्याची खात्री करा, नाहीतर व्हिसा देऊ नका.

मला या तारेत राक्षस दिसत नाही, मला बंदरावरचा एक वैतागलेला इमिग्रेशन अधिकारी दिसतो ज्याने वर तक्रार केलीय. म्हणजे कागद पोचायला लागले होते आणि तिकडे वाचले जात होते.

सुगिहारांनी नंतर जे उत्तर पाठवलं ते माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात कसबी कागद आहे. त्यांनी आज्ञा मोडली असं लिहिलं नाही, मोडली नाही असंही नाही. लिहिलं काय, तर आसपास या लोकांच्या शेवटच्या देशांचे प्रतिनिधीच नाहीत, आमचं ऑफिस बंद होण्यात आहे, आमच्या व्हिसाशिवाय यांना दुसरा मार्ग नाही, म्हणून व्लादिवोस्तोकला बोटीत बसायच्या आत पुढची सोय पूर्ण करायची या अटीवर व्हिसा दिलेत, ज्यांनी ती केली नसेल त्यांना व्लादिवोस्तोकलाच अडवावं. बघा काय केलं. तपासणी रद्द केली नाही, फक्त ती कौनासच्या टेबलावरून उचलून व्लादिवोस्तोकच्या धक्क्यावर ठेवली. तोपर्यंत माणूस लिथुआनियाच्या बाहेर पडलेला असणार, आणि त्यांना तेवढंच हवं होतं. मंत्रालयाने परत कळवलं की बोटीत चढताना अडवणं शक्य होत नाही, सूचना पाळा. पण तोवर सप्टेंबर उजाडला होता.

सोव्हिएतांकडून थोडी मुदत वाढवून घेऊन अखेर कॉन्सुलेट बंद केलं, कुटुंब हॉटेलात हललं, लोक तिथेही आले. 4 सप्टेंबरला त्यांनी कौनास सोडलं, आणि रेल्वे स्टेशनवर, गाडी सुटेपर्यंत ते लिहीतच होते असं कुटुंबाने आणि प्रत्यक्ष बघणाऱ्यांनी सांगितलंय.

आता दुसरं टोक, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. मार्च 1941. व्लादिवोस्तोकला जपानचे काळजीवाहू कॉन्सुल जनरल नेई साबुरो. हेही हार्बिनमध्ये सुगिहारा शिकले त्याच संस्थेत शिकलेले, त्यांच्या नंतरच्या तुकडीतले. मंत्रालयाने त्यांना कळवलं की निर्वासितांचे व्हिसा पुन्हा तपासा, पुढची सोय नसेल तर पाठवू नका. म्हणजे सुगिहारांनी जी तपासणी पुढे ढकलली होती ती शेवटी एका माणसाच्या टेबलावर येऊन पडली, आणि समोर थंडीत कुडकुडणारे लोक, मागे सोव्हिएत युनियन.

नेईंनी तारेने उत्तर दिलं. दयामाया हा शब्द नाही त्यात. त्यांनी म्हटलं की हे लोक इथवर पोचलेत, परत पाठवणं अशक्य आहे, आणि त्यांच्याकडे साम्राज्याच्या अधिकृत कार्यालयाने दिलेले व्हिसा आहेत, नुसतं त्यांचं शेवटचं ठिकाण मध्य अमेरिकेत आहे म्हणून त्यांना अडवलं तर आपल्या परदेशातल्या कार्यालयांनी दिलेल्या व्हिसाच्या विश्वासार्हतेच्या दृष्टीने ते बरं दिसणार नाही.

हे वाचलं की मला दर वेळी थांबावं लागतं. कौनासच्या कागदात जे कच्चं होतं ते नेईंना दिसत नव्हतं थोडंच? पण त्यांनी कागदातल्या मजकुरावर वाद घातला नाही, कागदावरच्या मोहरेवर घातला. आपल्याच कॉन्सुलची सही आपणच मानली नाही तर उद्या दुसरं कोण मानेल. मंत्रालयाच्या भाषेत, मंत्रालयाला नाकारायला अवघड जाईल असा मुद्दा. व्हिसा म्हणजे एका अधिकाऱ्याने न बघितलेल्या दुसऱ्या अधिकाऱ्याला लिहिलेली चिठ्ठी असते, आणि इथे ती चिठ्ठी वाचणाराही लिहिणाऱ्याइतकाच जाणता निघाला. नेईंनी स्वतःच्या अधिकारातही काही व्हिसा दिले.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. त्सुरुगाला आलेल्या काही डझन लोकांना कागद अपुरे म्हणून त्याच बोटीने परत व्लादिवोस्तोकला पाठवलं होतं, मग कोबेमधल्या ज्यू संस्थेने आणि डच कॉन्सुलने खटपट करून कुरासावचे दाखले मिळवले तेव्हा ते उतरू शकले. ट्रान्झिटची मुदत जेमतेम काही दिवसांची, कोबेमध्ये ती पुन्हा पुन्हा वाढवून घ्यायला हिब्रूचे जपानी अभ्यासक कोत्सुजी सेत्सुझो सरकारदरबारी खेटे घालत होते, आणि टोकियोतले पोलिश राजदूत तादेउश रोमर लोकांना पासपोर्ट आणि पुढच्या देशांचे व्हिसा मिळवून देत होते. जे शेवटपर्यंत कुठेच जाऊ शकले नाहीत अशा सुमारे हजार लोकांना 1941 मध्ये शांघायला हलवलं, तिथे त्यांनी युद्ध काढलं. कुरासावला कोणी गेल्याचं माझ्या वाचनात नाही. जून 1941 मध्ये जर्मन कौनासमध्ये शिरले आणि लिथुआनियातल्या ज्यूंपैकी 90 टक्क्यांहून जास्त लोक मारले गेले, म्हणजे ज्यांच्या पासपोर्टवर ते पान नव्हतं त्यातले बहुतेक.

एक गोष्ट यादीची. फेब्रुवारी 1941 मध्ये सुगिहारा प्रागमध्ये असताना मंत्रालयाने हिशोब मागितला, आणि त्यांनी पाठवला, 2,139 नावं, क्रमाने, तारीख आणि फीसकट. एका व्हिसावर कधी कधी अख्खं कुटुंब जायचं म्हणून माणसं त्याहून जास्त, साधारण 6,000 चा आकडा सांगतात पण तो अंदाजच आहे. कुटुंबाच्या म्हणण्याप्रमाणे शेवटी शेवटी फी घेणं आणि नोंद ठेवणं दोन्ही सोडून दिलं होतं, म्हणजे यादीबाहेरचेही असतील. ज्याला लपवायचं असतं तो अशी यादी पाठवत नाही. त्यांनी आपलं काम रीतसर केलेलं काम म्हणून सादर केलं, आणि आज कोणाला आपल्या आजोबांचं नाव शोधायचं असलं तर ते त्याच यादीत सापडतं.

पुढे कोनिग्सबर्ग, बुखारेस्ट, सोव्हिएतांच्या छावणीत नजरकैद, आणि 1947 मध्ये जपानला परतल्यावर नोकरी गेली. मंत्रालयाचं म्हणणं ती युद्धानंतरची सरसकट नोकरकपात होती, कुटुंबाचं म्हणणं की लिथुआनियातल्या त्या प्रकरणामुळे जा असं तोंडी सांगितलं. 2000 मध्ये परराष्ट्र मंत्री कोनो योहेई यांनी जाहीरपणे कुटुंबाची माफी मागितली. मला विचाराल तर, नोकरकपात असली तरी कपातीच्या यादीत कोणाचं नाव घालायचं हे कोणीतरी ठरवतंच की.

मला जास्त लागतं ते वेगळंच. कॉन्सुल कागद देतो, माणूस दाराबाहेर जातो, आणि पुढे त्याचं काय झालं ते कॉन्सुलला कधीच कळत नाही. रोज शेकडो लोक असेच टेबलावरून निघून जातात. झ्वार्टेंडाइक 1976 मध्ये वारले तोवर त्यांना खात्रीने माहीत नव्हतं की त्यांच्या अर्ध्या वाक्यावर किती लोक जगले, इस्रायलने त्यांचा सन्मान केला तो 1997 मध्ये. सुगिहारांनाही माहीत नव्हतं. नोकरी गेल्यावर मिळेल ते काम केलं, पुढे रशियन येतं म्हणून एका व्यापारी कंपनीतर्फे मॉस्कोत राहिले. त्यांना शोधणंही अवघड होतं, कारण परदेशी लोकांना उच्चारायला सोपं म्हणून त्यांनी चिउने या नावाचं दुसरं वाचन सांगितलं होतं, सेम्पो, आणि लोक त्याच नावाने शोधत होते.

1968 मध्ये टोकियोतल्या इस्रायली दूतावासाने त्यांना बोलावून घेतलं. तिथे येहोशुआ निश्री नावाचे आर्थिक विषयांचे अधिकारी होते, 1940 मध्ये कौनासला व्हिसा मिळालेल्यांपैकी एक. म्हणजे या खेपेला टेबलाच्या आतल्या बाजूला निश्री होते आणि समोरच्या खुर्चीत सुगिहारा. निश्रींनी एक जुनाट, घड्या पडलेला कागद काढून पुढे केला. अठ्ठावीस वर्षं जपलेला. त्यावर त्सुरुगा बंदर होतं, शोवा 15 होतं, आणि अक्षर समोर बसलेल्या माणसाचं होतं.